कंडक्टरविना बुडापेस्ट

बुडापेस्टच्या लिस्ट चेंबर ऑर्केस्ट्रापुढे काठी घेऊन कुणी उभं राहत नाही. मुख्य व्हायोलिनवादक पहिल्या खुर्चीवरून वाजवता वाजवताच बाकीच्यांना हाकतो. जगभर नाव झालं ते याच गोष्टीमुळे, आणि तिचं मूळ शोधायचं तर एका वर्गखोलीत जावं लागतं.

फेरेन्त्स लिस्ट ज्या संगीत अकादमीचा पहिला अध्यक्ष होता, तिथे लेओ वाइनर हा संगीतकार दशकानुदशकं चेंबर संगीत शिकवत होता. १९२८मध्ये त्यानं विद्यार्थ्यांचा कंडक्टरविना वाजवणारा वाद्यवृंदही बांधला. दुसऱ्याचं ऐकत वाजवा, हीच त्याच्या तालमीची खरी शिकवण. तो १९६०मध्ये गेला आणि तीनच वर्षांनी त्याच अकादमीतल्या तरुणांनी लिस्ट चेंबर ऑर्केस्ट्रा काढला.

१९६३ हे सालही बोलकं आहे. हंगेरीतला १९५६चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर दोनेक लाख माणसं देशाबाहेर गेली होती. त्यांतल्या वादकांनी ऑस्ट्रियात फिलहार्मोनिया हंगारिका उभी केली. पुढे ती पश्चिम जर्मनीतल्या मार्लला स्थिरावली. इकडे कम्युनिस्ट कादार सरकारनं उठावातल्या बहुतेक कैद्यांना माफी दिली, ती १९६३मध्येच. म्हणजे हे मागे राहिलेल्यांचं संगीत.

सुरुवातीला धुरा फ्रिद्येश शांदोर यांच्याकडे होती. १९७९मध्ये ते वारले आणि यानोश रोला पहिल्या खुर्चीवरून नेतृत्व करू लागला. हा काळ २०१६पर्यंत चालला. हे काम चालायचं कसं? रोला श्वास घ्यायचा, व्हायोलिन किंचित उचलायचा, आणि गज तारेवर टेकायच्या आत सगळे तयार असायचे. नजर त्याच्या गजावर आणि कान मात्र चेलो-बासकडे, कारण लय खालून धरली जाते. आपल्याकडे गायक-तबलजी समेवर येताना एकमेकांकडे बघतात, तसंच. फक्त इथे बघणारे डझनभराहून जास्त.

हंगेरियन संगीतकार बार्तोकच्या ‘डिव्हर्टिमेंटो’त या पद्धतीचा कस लागतो. पाउल झाखरच्या बाझेलमधल्या वाद्यवृंदासाठी ऑगस्ट १९३९मध्ये, महायुद्ध दारात असताना, बार्तोकनं ही रचना स्वित्झर्लंडमध्ये लिहिली. मूठभर एकल वादक आणि सगळा ताफा यांची तिच्यात सतत देवाणघेवाण असते. इथे कुणी हात हलवून दाखवण्यापेक्षा वादकांनीच एकमेकांना ओळखणं अधिक उपयोगी, असं माझं मत.

मोठमोठे एकल कलावंत त्यांच्याबरोबर वाजवायला आले: बासरीवादक रँपाल, ट्रंपेटवादक मोरिस आंद्रे, व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न, चेलोवादक रोस्त्रोपोविच. हंगरोटन या तेव्हाच्या सरकारी कंपनीसह परदेशी कंपन्यांनीही ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांची संख्या दोनशेच्या पुढे जाते. त्यांतलं बाख-विवाल्डी आज काहींना जुन्या वळणाचं वाटेल. जुन्या काळच्या वाद्यांवर बरोक वाजवण्याची चळवळ हंगेरीतही आली होती. सोंबातहेयचा ‘कापेला सावारिया’ हा तसा वाद्यवृंद १९८१चा. लिस्टवाले आधुनिक वाद्यांवरच राहिले. मला त्यात हेका दिसत नाही. बाखपासून बार्तोकपर्यंत एकाच संध्याकाळी जायचं तर दुसरा मार्ग सोयीचा नव्हता.

२०२०मध्ये कलासंचालकपद इश्तवान वार्दाईकडे गेलं. जिनिव्हा (२००८) आणि म्युनिकच्या एआरडी (२०१४) या स्पर्धा जिंकलेला हा चेलोवादक. रोलाच्या काळात कलात्मक सूत्रं व्हायोलिनकडे होती. आता ती चेलोवाल्याकडे आहेत आणि वाइनरच्या वर्गाच्या दृष्टीनं त्यात वावगं काहीच नाही.