होडीचे इंजिन मध्येच बंद पडते? आधी पेट्रोल कनेक्टरचे सील बघा

मोरा (ता. उरण) : धक्क्यावर इंजिन एका दोरीत सुरू होते. बाहेर जाऊन जोर दिला की मात्र अडखळते आणि बंद पडते. नळीवरचा रबरी फुगा दाबला की पुन्हा चालते. जुने आऊटबोर्ड इंजिन वापरणाऱ्या लहान होडीवाल्यांना हा त्रास नवा नाही. मग कार्बोरेटर खोलला जातो, प्लग बदलले जातात, खर्च होतो. खरा दोष कित्येकदा पेट्रोलच्या नळीच्या कनेक्टरमधल्या नखाएवढ्या रबरी सीलमध्ये असतो.

मोरा बंदरासमोरचे पाणी वर्दळीचे आहे. भाऊच्या धक्क्याच्या लाँचा, घारापुरीच्या बोटी आणि न्हावा-शेवा बंदराची मोठी कंटेनर जहाजे याच भागातून जातात. मोठ्या जहाजाला पटकन थांबता किंवा वळता येत नाही. अशा जागी इंजिन बंद पडले तर जिवावर बेतू शकते.

गळत नाही, तरी दोष कसा?

इंजिन चालू असताना त्याचा पंप टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. सील झिजलेले असेल तर पेट्रोल बाहेर गळण्याऐवजी बाहेरची हवाच आत शिरते. त्यामुळे खाली थेंब दिसत नाही आणि कुणाला संशय येत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी गेले की ऑईलही कमी जाते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते.

रबर वयानुसार कडक होतेच. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉल १० टक्क्यांवर, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. जुन्या इंजिनांचे रबर या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा चिरते.

तपासणी कशी करावी?

नळी इंजिनला जोडावी आणि फुगा कडक होईपर्यंत दाबावा. कनेक्टरभोवती कोरडे फडके फिरवावे. ओल लागली तर इंजिनकडचे सील गेले. टाकीकडचा कनेक्टर मात्र असा सापडत नाही, कारण फुग्याचा दाब फक्त पुढे जातो. फुगा भरायलाच फार वेळ लागत असेल तर टाकीकडच्या बाजूने हवा शिरत असावी. नळी काढल्यावर तिच्या टोकातून पेट्रोल ठिबकत राहिले, तरी आतले सील किंवा गोळी खराब समजावी.

इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर दोष सीलचा नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल किंवा टाकीकडची जाळी तुंबली असेल.

सील बदलताना

काम मोकळ्या जागी, इंजिन थंड असताना करावे. जवळ बिडी, स्टोव्ह, वेल्डिंग काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. म्हणून नळी आणि टाकी होडीबाहेर काढलेली बरी.

कनेक्टरच्या तोंडाशी आत स्प्रिंगवरची गोळी किंवा दट्ट्या असतो. बोथट खिळ्याने तो आत दाबून धरावा. वाकवलेल्या बारीक तारेने जुने सील अलगद बाहेर काढावे. आतल्या धातूवर ओरखडा पडू देऊ नये, नाहीतर नवे सीलही गळेल. खाच फडक्याने पुसावी, नव्या सीलला थोडे इंजिन ऑईल लावावे आणि ते पीळ न पडता खाचेत बसवावे. नंतर फुगा दाबून पुन्हा तपासावे. इंजिनवरच्या पिनेला गंज किंवा ओरखडा असेल तर नुसते सील बदलून भागणार नाही. काही कनेक्टर उघडतच नाहीत, ते अख्खेच बदलावे लागतात.

नवे सील घेताना जुन्याचे माप धरू नये, कारण ते पेट्रोलने फुगलेले असते. इंजिनच्या मॉडेल नंबरवरून मागावे. नायट्राईल किंवा व्हायटॉन रबराचेच घ्यावे. नळाचे वॉशर दिसायला तसेच असते, पण ते पेट्रोलमध्ये टिकेलच असे नाही.

१९५० च्या दशकातल्या काही जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांना जोड नळी असते. एकीतून हवा टाकीत जाते आणि त्या दाबाने दुसरीतून पेट्रोल येते. तिथे सील गेले तर दाबाखालचे पेट्रोल उडू शकते. असे इंजिन जाणकार मिस्त्रीकडेच द्यावे.

बंदीचा काळ सोयीचा

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात. तेव्हाच टाकी आणि नळी रिकामी करून दोन्ही टोकांची सीले बदलावीत, फुगा आणि नळीही वाकवून चिरा बघाव्यात. दोन जादा सीले आणि ती वाकवलेली तार डबीत घालून होडीत ठेवावी. सील स्वस्त असते, पण भर पाण्यात ते जवळ असावे लागते.