प्रार्थना शरीरात कोठवर पोहोचते

यवतमाळचे नाव निघाले की कापूस, काळी जमीन आणि गेल्या दोनतीन दशकांतील कास्तकारांच्या आत्महत्या एवढेच उर्वरित महाराष्ट्राला आठवते. परंतु ज्या शहरात १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था नांदत होती, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले विद्यार्थी जेथे पवित्र शास्त्राचे अध्ययन करून पाळक म्हणून बाहेर पडले, आणि जी पुढे पुण्यास स्थलांतरित झाली, ते हेच शहर, याचे स्मरण खुद्द जिल्ह्यातही आता थोड्यांनाच असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथॉडिस्ट पंथाचे मिशनरी वऱ्हाडच्या या मुलखात आले. उमरीचे ख्रिस्ती रुग्णालय त्याच परंपरेतले. उपासना आणि औषधयोजना या दोन गोष्टी या परंपरेने प्रथमपासून एकमेकींच्या शेजारी ठेवल्या, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते.

रविवारच्या उपासनेत मंडळीपुढे उभे राहून साक्ष देण्याचा प्रघात पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांत आहे. छातीवर दडपण होते, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता, अन्नावर वासना नव्हती. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जीव हलका झाला, अशा तऱ्हेची ती साक्ष असते. ती ऐकून एक पक्ष हा सारा मनाचा खेळ म्हणून निकालात काढतो, आणि दुसरा पक्ष याच आधारावर सर्व रोग प्रार्थनेने बरे होतील असा दावा मांडतो. या दोहोंपैकी एकाही पक्षाने शरीरशास्त्राचे दप्तर उघडून पाहिलेले नसते. ते उघडून पाहिले असता साक्ष देणारा मनुष्य बहुधा खरेच बोलत असतो असे आढळते; मात्र तो जे सांगतो त्याची हद्द कोठे संपते, हेही तेच दप्तर आपल्याला दाखविते.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन हे शरीरशास्त्रज्ञ क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असता त्यांच्या असे ध्यानी आले की, मांजर भयाने किंवा रागाने व्याकूळ झाले की जठराच्या लाटा तत्काळ थांबतात आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होतात. या निरीक्षणाचा पाठपुरावा करून १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी भय आणि क्रोध यांचा शारीरिक हिशेब मांडला. संकट दिसताच मज्जासंस्था मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देते, ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाची गती वाढते, यकृत साखर सोडते, स्नायूंकडे रक्त धावते आणि पचनासारखी त्या क्षणी निरुपयोगी ठरणारी कामे तहकूब होतात. टिपेश्वरच्या अभयारण्यालगत शेत असणाऱ्या मनुष्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. वाघाची चाहूल लागली असता हीच व्यवस्था त्याचा प्राण वाचविते, आणि वाघ निघून गेला की घटकाभरात त्याची नाडी पूर्वपदावर येते.

पण सावकाराचा तगादा असा निघून जात नाही. पाऊस खंडला, पऱ्हाटीवर बोंडअळी पडली, बँकेची मुदत टळली, मुलीचे लग्न ठरले आहे, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत यांतील एकही गोष्ट बदलण्याची आशा नाही, अशा स्थितीत शरीराला मात्र संकट टळल्याचा संदेश कधीच मिळत नाही. हान्स सेली यांनी १९३६ साली ज्या दीर्घकालीन ताणाचे वर्णन केले तो हाच. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस, त्याखालील पियुषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक गरजेपलीकडे स्रवत राहते. रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते, झोप विस्कटते, आणि रोगप्रतिकारक पेशी आपल्या कामात मंदावतात. पोटाची जळजळ, अंगदुखी, हातापायांना मुंग्या अशी तक्रार घेऊन आलेल्या अशा रुग्णाच्या तपासण्या पुष्कळदा निर्दोष निघतात. तेव्हा त्याला काहीही झालेले नाही असे सांगून परत धाडणे हा त्याच्यावर अन्याय होय, कारण त्याला जे झाले आहे ते त्या विशिष्ट तपासण्यांच्या कक्षेत येत नाही, एवढाच त्यांचा अर्थ असतो.

ताण आणि वैर यांचा जखमांवर होणारा परिणाम तर मोजलेलाच आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम केली, आणि तशीच जखम तशा जबाबदारीतून मुक्त असलेल्या, वयाने समान अशा १३ स्त्रियांच्या हातावर केली. दुसऱ्या गटाच्या जखमा सरासरी ३९ दिवसांत भरल्या; पहिल्या गटाच्या भरण्यास सुमारे ९ दिवस अधिक लागले. हा शोध १९९५ सालचा. पुढे २००५ साली याच संशोधकांनी ४२ दांपत्यांवर प्रयोग केला, तेव्हा परस्परांशी अधिक वैरभावाने बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या मानाने मंद गतीने भरत असल्याचे आढळले. प्रखर दुःखाच्या आघाताने, हृदयाच्या धमन्या मोकळ्या असतानाही, हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगून अशक्त होतो, हा ताकोत्सुबो नावाचा विकार जपानी वैद्यांनी १९९० च्या सुमारास वर्णिला. त्यात उतारवयातील स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, आणि बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते.

भावना ज्या वाटेने शरीरात उतरते त्याच वाटेने सांत्वनही उतरावे, हे ओघानेच आले. इटलीतील पाव्हिया येथे लुचानो बेर्नार्दी यांनी २३ निरोगी व्यक्तींना लॅटिन भाषेतील मरियेची प्रार्थना जपमाळेवर म्हणावयास लावली, आणि त्यांनाच बौद्धांचा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही प्रसंगी त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला, आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक सक्षम झाली. २००१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. तारवाटेने हुकूम धाडणाऱ्या भीतीच्या मज्जातंतूंना आवर घालणारा व्हेगस नावाचा दीर्घ मज्जातंतू संथ श्वासाने जागा होतो, हे त्याचे शारीरिक मर्म. कोणाही एका धर्माने या फळावर मालकी सांगावी असे त्यात काही नाही, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकाने खिन्न होऊन नव्हे तर आनंदाने स्वीकारावी असे मला वाटते.

क्षमेविषयी मात्र ख्रिस्ती धर्माचा आग्रह विशेष आहे, आणि त्याचीही परीक्षा झालेली आहे. मिशिगन राज्यातील होप कॉलेजात शार्लट विटव्हलीट यांनी ७१ विद्यार्थ्यांना आपल्यावर अन्याय करणाऱ्या व्यक्तीचे स्मरण करावयास सांगितले: कधी मनात सल धरून, कधी क्षमा केल्याची कल्पना करून. सल धरताच त्यांच्या हृदयाची गती, रक्तदाब आणि त्वचेवरील घाम ही सर्व वाढली, आणि क्षमेच्या कल्पनेत ती तितकी वाढली नाहीत. कर्जबाजारी होऊन प्राण दिलेल्या कास्तकाराच्या विधवेला पतीविषयी जो राग येतो आणि ज्याचा उच्चार करण्याची तिला लाज वाटते, तो राग बोलता यावा आणि हळूहळू सोडता यावा यासाठी तिच्याजवळ बसणारे एखादे माणूस असणे, हे या दृष्टीने पाहता शरीराचेही औषध आहे. तिने क्षमा केलीच पाहिजे असा उपदेश पहिल्याच भेटीत करणे मात्र क्रौर्य होय.

आशेची गोष्टही अशीच. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या त्रयीने दाखविले की, दाढ काढल्यानंतर केवळ विश्वासाने मिळालेला वेदनाशम, नॅलोक्सोन हे अफूविरोधी औषध टोचताच ओसरतो. म्हणजे विश्वासाने मेंदूत खरोखरीच अफूसदृश द्रव्ये स्रवतात. वेदना कमी झाल्याची साक्ष खोटी नव्हे, याचा यापरता सबळ दाखला कोणता हवा?

आता हद्दीविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. वेदना, भय, निद्रानाश आणि रक्तदाब यांवर श्रद्धेचा अंमल चालतो. क्षयाच्या जंतूवर, कर्करोगाच्या गाठीवर किंवा नागाच्या विषावर तो चालल्याचा पुरावा नाही. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दूरच्या अपरिचितांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णांच्या गुंतागुंतीत काहीच घट झाली नाही, आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित ठाऊक होते त्यांच्यात ती किंचित अधिकच आढळली. परमेश्वराला प्रयोगशाळेत हजर करता येत नाही हे श्रद्धावंताचे उत्तर मला मान्य आहे. पण मग प्रयोगशाळेचा शिक्का मागून प्रार्थनेने गाठी विरघळतात अशी जाहिरातही कोणी करू नये. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यातील शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. तशा रुग्णाला प्रार्थनेसाठी घटकाभर थांबवून ठेवणे म्हणजे त्याचा प्राण धोक्यात घालणे होय.

ख्रिस्ती परंपरेत अशा थांबविण्याला आधारही नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता असे पौलाच्या पत्रावरून समजते. आणि याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावावे असे सांगितले आहे, त्यात वैद्याला बोलावू नये असे कोठेही म्हटलेले नाही. मिरजेस १८९४ साली रुग्णालय उघडणारे विल्यम वॉन्लेस प्रार्थनेवर निष्ठा ठेवणारे मिशनरी होते आणि तितकेच निष्णात शल्यचिकित्सकही होते.

विदर्भातच घडलेली एक गोष्ट या प्रश्नाला उपयुक्त दिशा देते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबविण्यात आला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजाराविषयी बोलावे, प्रशिक्षित समुपदेशकाने पुढची जबाबदारी घ्यावी आणि आवश्यक तेथे मनोविकारतज्ज्ञाने, अशी त्याची रचना होती. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. जे काम गावच्या कार्यकर्त्याला साधते ते गावच्या पाळकाला, भजनी मंडळाच्या प्रमुखाला किंवा तांड्याच्या नायकाला न साधण्याचे कारण नाही. दर आठवड्याला भेटणारी, न आलेल्याची चौकशी करणारी मंडळी ही तर त्याच्याजवळ आधीपासूनच आहे.

म्हणून यवतमाळ, पांढरकवडा, वणी, पुसद येथील पाळकांना आणि इतर धर्मांच्या त्यांच्या समकक्षांना माझी विनंती आहे की, प्रार्थना जरूर करावी, तिला वेळ द्यावा, डोक्यावर हात ठेवावा. आणि त्याच बैठकीत झोप किती दिवस नाही, जेवण किती दिवस नाही, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावे. चालू असलेली गोळी बंद करण्यास कोणालाही सांगू नये. उत्तर काळजीचे वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता सोबत घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. रात्रीची वेळ असेल आणि वाहन नसेल, तर शासनाची टेली-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.