गारठ्यात अडणारी वीज

टॅक्सीवाल्याचा वेळ म्हणजे त्याचे पोट. म्हणूनच न्यूयॉर्कमधील विजेवरच्या टॅक्सींच्या नोंदी तपासून अमेरिकेतील आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने २०१८ साली मांडलेला हिशेब मला मोलाचा वाटतो. २५ अंश सेल्सिअसला जलद चार्जरवर अर्ध्या तासात बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरू शकते. शून्य अंशाला तेवढ्याच वेळात ती ३६ टक्क्यांनी कमी भरते. यात चार्जर बिचारा निर्दोष असतो. गारठ्यात लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये सावकाश शिरतात. जबरदस्ती केली, तर धातूचा थर साचून बॅटरी कायमची अधू होते. म्हणून गाडीच वीज बेताने घेते.

यावर उपाय आहे. अनेक नव्या गाड्या चार्जरकडे जाताना वाटेतच बॅटरी ऊबदार करून घेतात. कडाक्याच्या थंडीच्या नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या! पण घरी रात्रभर सावकाश चार्जिंग करणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही. रस्त्यावर गाडी लावणारा मात्र सार्वजनिक चार्जरपाशी ताटकळतो. थंड प्रदेशातील शहरांनी चार्जर किती हवेत हे ठरवताना जानेवारीतली रांग मोजावी, एवढेच माझे म्हणणे.