मानखुर्द परिसरातील क्षयरोग : निदान, उपचार आणि निवारा

प्रस्तावना :
मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगर आणि देवनार हा परिसर बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एम पूर्व प्रभागात मोडतो. दाट झोपडवस्ती, देवनारचे जुने कचरा क्षेपणस्थळ आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहती ही या प्रभागाची वैशिष्ट्ये होत. फुप्फुसांच्या विकारांपैकी क्षयरोगाचा प्रश्न येथे विशेष गंभीर आहे. पूर्ण बरा होऊ शकणारा हा आजार या वस्त्यांतून का हटत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निदान :
दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला, सायंकाळी येणारा ताप, घटणारे वजन आणि थुंकीतून पडणारे रक्त ही क्षयरोगाची प्रमुख लक्षणे आहेत. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर दीर्घकाळ सूक्ष्मदर्शकाखालील थुंकीची तपासणी हाच निदानाचा मुख्य आधार राहिला. मात्र जंतूंची संख्या कमी असल्यास ते या तपासणीत निसटतात. शिवाय जंतू औषधाला दाद देतील किंवा नाही, हेही कळत नाही. सीबीनॅट चाचणीने सुमारे दोन तासांत जंतूचे अस्तित्व आणि रिफॅम्पिसिन या औषधाला असलेला त्याचा प्रतिरोध या दोन्ही गोष्टी समजतात. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचल्यास ते सुईने काढून तपासले जाते. थुंकी मिळत नसेल तर आवश्यकतेनुसार दुर्बिणीद्वारे श्वसनमार्गातील नमुना घेतात.

उपचार :
साध्या क्षयरोगात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे दिली जातात. काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, रोजगार बुडालेला रुग्ण कामावर परततो आणि गोळ्या थांबवतो. अशा अर्धवट उपचारांतून प्रतिरोधी जंतू बळावतात. मात्र प्रत्येक प्रतिरोधी रुग्णाने हयगय केलेली असते असे मानणे अन्यायाचे ठरेल; हे जंतू थेट संसर्गानेही पसरतात.

प्रतिरोधी क्षयरोगाचे उपचार पूर्वी दीड-दोन वर्षे चालत. त्यातील कॅनामायसिनसारख्या इंजेक्शनांमुळे काही रुग्णांना बहिरेपण येई. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी उपचारांदरम्यान श्रवणशक्ती गमावली. बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने मुदतवाढीचा अर्ज फेटाळला. २०२४ मध्ये शासनाने बेडाक्विलिनसह चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीस मान्यता दिली. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी महानगरपालिकेचे शिवडी येथील क्षयरोग रुग्णालय हा मोठा आधार आहे. फुप्फुसाचा मर्यादित भागच निकामी झाला असल्यास निवडक रुग्णांवर शस्त्रक्रियाही केली जाते. मात्र तिच्या जोडीला औषधे घ्यावीच लागतात.

निवारा आणि आहार :
मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये रेल्वे प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांचे पुनर्वसन झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईतील तज्ज्ञ सहभागी होते. लल्लूभाई कंपाउंड व गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर न पोहोचणारा सूर्यप्रकाश आणि कोंदट हवा यांचा रोगाशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. खोलीत हवा खेळती नसेल तर खोकल्यातून बाहेर पडलेले जंतू तेथेच दीर्घकाळ तरंगत राहतात.

आहाराचे महत्त्वही तितकेच आहे. झारखंडमधील रुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक आहार दिल्यास त्यांच्यातील क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. निक्षय पोषण योजनेतील मासिक साहाय्य २०१८ मध्ये ५०० रुपये होते; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये करण्यात आले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, क्षयरोगाचे निदान प्रयोगशाळेत होते. परंतु उपचारांचे यश रुग्णाच्या घरात ठरते. अशा वस्त्यांतील अनेक विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत शिकतात. वर्गात सतत खोकणाऱ्या किंवा दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याची आपुलकीने चौकशी करणे, त्याला महानगरपालिकेच्या मोफत तपासणीकडे वळवणे, उपचारकाळात त्याचे शैक्षणिक वर्ष वाया जाऊ न देणे आणि त्याच्या आजाराची वाच्यता टाळणे एवढे प्राध्यापकांना निश्चित करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमांतही या विषयाला स्थान मिळाले पाहिजे.