पिल्लातला कोंबडा कोणता?

रवणाला अंडी ठेवताना टोकदार अंडी बाजूला काढायची, कारण त्यांतून कोंबडे निघतात आणि गोलसर अंड्यांतून तलंगा, हे ज्ञान गावोगाव सापडतं. गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलने नेमकं उलटं लिहून ठेवलं होतं: लांबट, टोकदार अंड्यात मादी आणि गोल अंड्यात नर. चुकतं दोघांचंही. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडवाहिनीत घडतो. पिल्लाचं लिंग त्याआधीच, बलक सुटतो तेव्हाच ठरून गेलेलं असतं. माणसात ते बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, कोंबड्यांत आईकडून येणाऱ्या. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू ही दोन वेगळी गुणसूत्रं असतात, कोंबड्याकडे दोन्ही झेडच. म्हणून उबवणी यंत्राची उष्णता कमीजास्त करून माद्या वाढवता येतात, हेही खरं नाही. तो प्रकार मगरींत आणि कासवांत चालतो.

अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी फिरवणं, पिल्लू पायाला धरून उलटं लटकवणं, धीट पिल्लू ते नर असं म्हणणं, ही सगळी त्याच पठडीतली. यांतलं काहीही केलं तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर येणारच, आणि तेवढ्यावर समजूत पिढ्यानपिढ्या तग धरते. दहा पिल्लांत सात किंवा जास्त नर निव्वळ योगायोगाने निघण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. ज्याच्या खुराड्यात तसं होतं, तो पुढे जन्मभर अंड्यांचा आकार सांगत फिरतो.

मग हॅचरीवाले पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे कसे करतात? त्यांची एक रीत जपानची. मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२०च्या दशकात ती मांडली आणि १९३३ साली तिचं इंग्रजी पुस्तक आलं. पिल्लाची विष्ठा हलकेच दाबून काढायची, गुदद्वार किंचित उलगडायचं आणि आतला मोहरीपेक्षाही लहान उंचवटा पाहायचा. काही माद्यांनाही तसा उंचवटा असतो, म्हणून ही नजर तयार व्हायला बराच सराव लागतो. घरी कुणी हे करून पाहू नये, पिल्लू दगावतं.

दुसरी रीत पंखावरची, आणि घोटाळा तिथेच जास्त होतो. पंख पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. खालची लांब असेल तर मादी, दोन्ही सारख्या असतील किंवा वरची लांब असेल तर नर. मोबाइलवर व्हिडिओ पाहून लोक ही कसोटी गावठी पिल्लांना लावतात. पण ती लागू पडते फक्त खास जुळवलेल्या संकरात: बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा, आई उशिरा फुटणाऱ्या वाणाची. तीही पहिल्या दोन-तीन दिवसांतच. आई-बाप दोघेही लवकर पिसं फुटणाऱ्या जातीचे असले, तर सगळीच पिल्लं मादी ठरतील!

रंगाचंही असंच. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची पिल्लं काळी निघतात आणि नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. आई-बापांची अदलाबदल केली की ही खूण उपयोगाची राहत नाही. घरच्या मिश्र कळपात डोक्यावरच्या ठिपक्याला काही अर्थ नाही.

गावठी पिल्लांसाठी उपाय एकच, थांबणं. पाच-सहा आठवड्यांनी एकाच वयाची पिल्लं शेजारी उभी करा. ज्यांचा तुरा आधी मोठा आणि गुलाबी होतो, ते बहुधा नर. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, तुरा फुलवतो नराचा संप्रेरक रस. आजारी किंवा उपाशी नराचा तुरा फिकाच राहतो. उलट अंड्यावर आलेल्या तलंगेचा तुराही लालभडक होतो, तेव्हा ‘लाल तुरा म्हणजे कोंबडा’ म्हणून तिला विकून टाकणारे लोक आहेत. कडकनाथचा तुरा तर काळसर-जांभळा, तिथे लाली शोधून काय मिळणार? असीलचा तुरा मुळातच आखूड.

माझा भरवसा पिसांवर. तीन महिन्यांच्या आसपास पक्षी हातात घ्या आणि पाठीवर, शेपटीच्या बुडाजवळची पिसं बोटांनी वेगळी करा. नराची अरुंद, लांब, चकचकीत आणि टोकाला निमुळती. मादीची रुंद आणि गोल टोकाची. जात मंद वाढीची असेल तर आणखी महिनाभर धीर धरा. टाचेवरच्या काट्यावर मात्र विसंबू नका. या वयात नरालाही नुसती गाठ असते आणि म्हाताऱ्या माद्यांनाही काटे फुटलेले दिसतात.

कोंबडी आरवली की अपशकुन समजून तिला कापतात. कोंबडीचं एकच, डावं बीजाशय काम करतं. रोगाने ते निकामी झालं की मादीचा संप्रेरक रस आटतो. कोंबड्यासारखी पिसं येण्यासाठी नराचा रस लागत नाही, मादीचा रस नसला की पुरे. म्हणून पुढच्या पिसाऱ्यात ती नराचं रूप घेते, कधी आरवतेही. १४७४ साली स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात अंडं घातल्याबद्दल एका ‘कोंबड्या’ला खटला चालवून जाळलं होतं. ती बिचारी अशीच कोंबडी असावी.

राहिली जत्रेत आणि रस्त्याकडेला मिळणारी गुलाबी-हिरवी पिल्लं. अंड्यांसाठीच्या पांढऱ्या जातीत नराचा उपयोग नसतो, म्हणून हॅचरीत वेगळे काढलेले नर रंगवून स्वस्तात विकले जातात. पोरांच्या हट्टासाठी घ्यायची तर घ्या, अंड्यांचा हिशेब मांडू नका.