आठ जीबीच्या खाली येऊ नका

हळदीचे पैसे हातात आले, बारावीचा निकाल लागला, की आमच्या हिंगोलीत लॅपटॉपची चौकशी सुरू होते. मी इथे संगणक टायपिंगचे वर्ग घेते. त्यामुळे वसमत, कळमनुरी, सेनगावकडचे पालक दुकानाची पायरी चढण्याआधी माझ्याकडे डोकावतात. "मॅडम, वीस-पंचवीस हजारांत चांगला कोणता येईल?" हा प्रश्न ठरलेला. मी आधी विचारते, लेकरू त्यावर काय करणार आहे?

कारण पुष्कळ कामं मोबाइलवर उरकतात. ई-पीक पाहणी, सातबारा, विजेचं बिल, क्लासचे व्हिडिओ एवढ्यासाठी लॅपटॉपवर पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगते. लॅपटॉप लागतो तो लिहायला, हिशेब मांडायला, कॉलेजचा प्रोजेक्ट करायला आणि सीईटीसारख्या संगणकावर होणाऱ्या परीक्षेचा सराव करायला. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवरून भरता येतो, पण दाखले स्कॅन करून ठरलेल्या आकारात बसवताना नाकी नऊ येतात. तेच लॅपटॉपवर सुटसुटीत होतं.

या कामांना महागडं मशीन लागत नाही, पण रॅम मात्र आठ जीबी हवीच. रॅम म्हणजे खळं आणि स्टोरेज म्हणजे गोदाम. गोदाम कितीही मोठं असू द्या, खळं चिंचोळं असलं की माल पसरता येत नाही आणि सगळं खोळंबतं. दुकानदार गोदामाचा आकडा मोठ्याने सांगतो, खळ्याचा विचारल्याशिवाय सांगत नाही.

ज्यांना पटत नाही त्यांच्यासमोर मी वर्गातलं चार जीबीचं मशीन सुरू करते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीचा आकडा बघायचा. काहीही उघडलेलं नसताना विंडोज ११ने निम्म्याहून अधिक जागा अडवलेली असते. मग ब्राउझरमध्ये महाडीबीटी, जीमेल, एक पीडीएफ आणि सोबत वर्ड उघडते. आकडा नव्वद टक्क्यांकडे सरकतो आणि टाइप केलेलं अक्षर पडद्यावर रेंगाळत उमटतं. विंडोज ११ची किमान अट चार जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे, हे खरं. पण त्या अटीत मशीन फक्त चालू होतं, काम होत नाही.

कळमनुरी तालुक्यातल्या एका मुलीला घरच्यांनी नेमका असाच लॅपटॉप आणून दिला होता: चार जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, आणि तेही ईएमएमसी. ही ईएमएमसी मोबाइलमधल्यासारखी मदरबोर्डवर डकवलेली असते, काढून दुसरी घालता येत नाही. विंडोजच्या अपडेटनीच तिची जागा भरली. प्रोजेक्ट पुरा करायला ती पोरगी माझ्या वर्गात येऊन बसायची. बापाने उचल घेऊन आणलेली वस्तू पिशवीतून बाहेरसुद्धा निघत नव्हती. त्या घराचे पैसे वाया गेले याची चुटपुट मला अजून आहे. म्हणून सांगते, दुकानात दोन प्रश्न विचाराच. ईएमएमसी आहे की एसएसडी? आणि रॅम पुढे वाढवता येते का? २५६ जीबीची एसएसडी घरच्या कामाला पुरते.

प्रोसेसरवर लोक फार वेळ घालवतात. माझ्या मते एवढंच बघावं: सेलेरॉन एन४०२० आणि एन४५०० सोडून द्या. नुसतं टायपिंग आणि इंटरनेट असेल तर इंटेल एन१०० चालतो. जमत असेल तर कोअर आय३ १२१५यू घ्या, तो चार-पाच वर्षं सहज साथ देईल. रायझन ३ ७३२०यू स्वस्त मशीनमध्ये खूप दिसतो. तोही बरा आहे, पण त्याची रॅम बोर्डवरच पक्की असते, नंतर वाढत नाही, म्हणून पहिल्यापासून आठ जीबीचाच घ्यावा.

जिओबुक जुलै २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. त्यात विंडोज नाही, जिओची स्वतःची प्रणाली आहे. टॅली किंवा विंडोजवरचं टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. आमच्या मुलांना ते उपयोगाचं नाही.

जुना लॅपटॉप घ्यायला लोक बिचकतात, मी मात्र तो आवर्जून सुचवते. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी कार्यालयातली थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही मशीनं काढून टाकतात. ती दुरुस्त होऊन पुणे, संभाजीनगर, नांदेडच्या बाजारात येतात. बांधणी दणकट, कीबोर्ड उत्तम, रॅम आणि एसएसडी बहुतेकांत बदलता येते. फक्त प्रोसेसरचा आकडा वाचायला शिका. आय५ ८३५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५ ७३००यू म्हणजे सातवी. इंटेलची सहसा आठवी किंवा पुढची पिढीच विंडोज ११ला चालते, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे सहावी-सातवी पिढी आता चकाचक पुसून स्वस्तात समोर ठेवली जाते. तिच्यावर लिनक्स घालून लिहिण्यापुरतं वापरणार असाल तर ठीक, नाहीतर नको.

जुन्याची बॅटरी तिथल्या तिथे तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप केली की एक फाइल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शेजारी दिसतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवी बॅटरी मागा किंवा तेवढी किंमत उतरवून घ्या. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून यात भीड नको.

परवडणाऱ्या लॅपटॉपचा मोठा प्रयोग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या गावातल्या शाळेत मुलांना 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'ची हिरवी-पांढरी मशीनं मिळाली. शंभर डॉलरचा लॅपटॉप अशी त्याची ख्याती, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या घरात गेली. पण त्याचा पडदा उन्हातही वाचता यायचा आणि कीबोर्डवर धूळ-पाणी आत न जाणारं रबराचं आवरण होतं. खेड्यातलं लेकरू कुठे बसून शिकतं याचा विचार करणाऱ्यांनी ते घडवलं होतं. आजच्या स्वस्त मशीनचा मिणमिणता पडदा ओसरीवर धड दिसत नाही. म्हणून दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पडदा बघा. कीबोर्डवर दहा ओळी टाइप करून बघा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड फुकट असतो, तो सुरू करून मराठीतच टाइप करा. जीसीसी-टीबीसी ही संगणक टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर बोटांना कळा नीट लागतात की नाही, हे तिथेच कळेल.

ऑफिस विकत घेणं परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं, मराठी त्यात व्यवस्थित चालते. चोरून टाकलेलं ऑफिस मात्र घालून घेऊ नका, त्याच्यासोबत व्हायरस येतात.

आणि वॉरंटीचं विचारताना नुसतं "एक वर्ष आहे ना?" यावर थांबू नका. माणूस घरी येऊन दुरुस्त करणार की मशीन नांदेडला न्यावं लागणार, ते विचारा. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावा, आपला पिनकोड सांगा, हिंगोलीचा ४३१५१३, आणि तिथे सेवा मिळते का याची खात्री पैसे मोजायच्या आधी करून घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर लिहिलेला असू द्या, आणि त्या बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.