एक अमिनो आम्ल, एक विळा आणि औषधाची किंमत

वर्धा जिल्ह्यात आरोग्यसेवकाने सुईने बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला की घरातली माणसे बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘सिकलसेल तर नाही ना?’ पूर्व विदर्भात हा शब्द आता मलेरिया किंवा साखरेसारखाच घरोघरी पोहोचला आहे. मात्र शब्द माहीत असणे वेगळे आणि आजार समजणे वेगळे. वाहक आणि रुग्ण यांत फरक काय, गोळी घ्यायची की नाही, मुलीचे लग्न जुळेल का, याबद्दलचे गैरसमज अजून कायम आहेत.

वैद्यकशास्त्राला मात्र या आजाराइतकी नेमकी ओळख फार थोड्या आजारांची आहे. रक्तातील कोणता रेणू बिघडतो आणि त्यात नेमके कुठे बिघडते, हे जवळजवळ सत्तर वर्षांपासून माहीत आहे. तरीही मुले वेदनेने कळवळत रुग्णालयात येतात. याचे उत्तर अर्धे रसायनशास्त्रात आहे आणि अर्धे बाजारात.

५७४ पैकी फक्त दोन जागा

आपल्या लाल रक्तपेशी मधोमध खोलगट असलेल्या मऊ चकतीसारख्या असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन भरलेले असते आणि फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवण्याचे काम तेच करते. हिमोग्लोबिनचा एक रेणू ५७४ अमिनो आम्लांचा बनलेला असतो. त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येते. बाकी सगळे जसेच्या तसे.

ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे, तर व्हॅलिन तेलासारखे पाणी टाळणारे. पेशीने ऑक्सिजन सोडला की व्हॅलिनमुळे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे लांब, ताठ दोर तयार होतात. हे दोर पेशीला आतून ताणतात आणि मऊ चकतीचा विळा होतो. विळ्याला इंग्रजीत ‘सिकल’ म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडले. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकले की पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळा झालेली पेशी मात्र १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे पहिल्यांदा वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतभाराने वेगळे असते. सिकलसेल हा ‘रेणूचा आजार’ आहे, असे त्यांनी म्हटले. काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये ती एका अमिनो आम्लाची अदलाबदल शोधून काढली. आज जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होणारी ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ ही चाचणी पॉलिंग यांनी टिपलेल्या त्याच फरकावर चालते.

भारतात या आजाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची माहिती जागतिक वैद्यकीय नियतकालिकात मांडली. म्हणजे विदर्भाला हा आजार कागदोपत्री माहीत होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला.

रेनडिअरच्या रक्तात विळे का नाहीत?

विळ्याच्या आकाराच्या पेशी फक्त माणसात सापडत नाहीत. हेरिक यांच्या सत्तर वर्षे आधी, १८४० मध्ये, जॉर्ज गलिव्हर या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने हरणांच्या रक्तात तसाच आकार पाहिला होता. आश्चर्य म्हणजे त्या हरणांना त्याचा काहीच त्रास नसतो.

यामागचे कारण २०१८ मध्ये उलगडले. ब्रिटनमधील संशोधकांनी हरणांच्या कुळातील १५ जातींच्या बीटा साखळ्या तपासल्या. विळा होणाऱ्या जातींतही व्हॅलिनच सापडले, पण ते सहाव्या नव्हे, बाविसाव्या जागी. शिवाय माणसाची पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकते, तर हरणाची पेशी ऑक्सिजन भरपूर असताना वाकते. याच कुळातील उत्तर ध्रुवाकडचे रेनडिअर आणि उत्तर युरोपातील एल्क यांच्या रक्तात मात्र विळे होतच नाहीत. त्यांच्यात बाविसाव्या जागी ते व्हॅलिन नसते.

रेनडिअरचे हिमोग्लोबिन आणखी एका बाबतीत वेगळे आहे. एरवी हिमोग्लोबिन थंड झाले की ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते. बर्फात उभ्या असलेल्या प्राण्याच्या पायांना ते परवडणारे नाही. रेनडिअरचे हिमोग्लोबिन तापमानाला फारसे जुमानत नाही, त्यामुळे गारठलेल्या पायांनाही ऑक्सिजन मिळत राहतो. प्राणी जिथे जगतो, तिथल्या गरजेप्रमाणे त्याचे रक्त घडत जाते.

माणसाच्या सिकलसेललाही हेच लागू पडते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सिकलसेलचे जनुक मिळालेल्या व्यक्तीला, म्हणजे वाहकाला, गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवले. मलेरियाच्या मुलखात वाहक मुले जास्त जगली आणि जनुक टिकून राहिले. जंगल आणि डास यांच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मध्य भारतातील समाजांत ते आढळते, यात नवल नाही. विदर्भात आदिवासी, बौद्ध आणि इतर मागास समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे. पण जनुकाला जात कळत नाही. लग्ने जातीत होतात, म्हणून जनुकही जातीत फिरत राहते.

सौम्य म्हटलेला आजार

भारतातील सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असे पूर्वी मानले जाई. त्याला आधार होता. बाळ गर्भात असताना त्याच्या रक्तात वेगळे, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते आणि ते विळे होऊ देत नाही. म्हणूनच जन्मानंतरचे काही महिने बाळ बरे दिसते, आणि साधारण सहा महिन्यांनंतर हातापायांच्या सुजेने आजार तोंड वर काढतो. भारतीय रुग्णांमध्ये हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त प्रमाणात राहते. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा मध्य भारतातील अनेक मुलांना तीव्र आजार असल्याचे दिसले.

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवणारे औषध आहे. त्याचे नाव हायड्रॉक्सियुरिया. हे रसायन जर्मनीत १८६९ मध्येच तयार झाले. आधी ते कर्करोगासाठी वापरले गेले. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले की त्याने सिकलसेलच्या वेदनेचे झटके जवळपास निम्मे होतात. नागपूरच्या गटाने वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही भारतीय मुलांना फायदा होतो, हे दाखवले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी देखरेख. खेड्यातल्या कुटुंबासाठी हा फरक मोठा आहे.

कापूस गेला, गोळी आली

वर्ध्याला जागतिक बाजार नवा नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या गिरण्यांत नावाजलेला होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि कापड महाग होऊन परत आले. पिकवणाऱ्याच्या हाती त्या नफ्यातले थोडेच उरले.

सिकलसेलच्या नव्या औषधांचा व्यापारही बराचसा असाच आहे. व्हॉक्सेलोटर नावाच्या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ती हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावते, म्हणजे विळा होण्याची वेळच टाळते. तिची वर्षाची किंमत एक लाख डॉलरच्या पुढे होती. ती बनवणारी कंपनी २०२२ मध्ये फायझरने ५४० कोटी डॉलरला विकत घेतली. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, चाचण्यांतील वेदनेचे झटके आणि मृत्यू यांच्याबद्दल शंका आल्याने फायझरने हे औषध जगभरातून मागे घेतले. नंतरच्या चाचण्यांतले अनेक रुग्ण आफ्रिकेतील देशांचे होते. त्या देशांतल्या सर्वसामान्य रुग्णाला ती गोळी विकत घेणे कधीच शक्य नव्हते.

जनुकावर थेट उपचारही आले आहेत. ‘क्रिस्पर’ तंत्राने रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींत बदल करून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करणाऱ्या कॅस्गेव्ही या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. मान्यतेच्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये होती. भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्लीतील संस्थेने ‘बिरसा १०१’ नावाचा क्रिस्पर उपचार विकसित केला असून, तो पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवला जात असल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तो रुग्णांपर्यंत पोहोचण्याआधी चाचण्यांची कसोटी आहेच.

तोवर वर्ध्यातल्या मुलासाठी महत्त्वाची आहे ती काही रुपयांना मिळणारी जुनी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळणे अपेक्षित आहे. अडचण वेगळीच असते. ‘कॅन्सरची गोळी’ म्हणून घरचे घाबरतात. ती रोज घ्यायची आणि ठरावीक काळाने रक्त तपासायचे, तर आष्टी किंवा कारंजा घाडगे तालुक्यातून जिल्ह्याला येण्यात एक मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत ती बुडवणे सोपे नसते. सिकलसेल रुग्णांना एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे. पण दोन्हींसाठी प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी पुन्हा खेटे घालावे लागतात.

उपचाराचा खर्च वाटून घेण्याचा धडाही याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये सुरू झाले. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा रुजवला. त्यात वर्गणी पैशांऐवजी ज्वारीच्या रूपात, तीही ऐपतीप्रमाणे घेतली जाई. भूमिहीनाचा वाटा कमी आणि शेतकऱ्याचा जास्त, पण आजारपणात उपचार दोघांनाही. गावाने आपले हिशेब आपल्या मापाने मांडले, तर गरीब माणूसही रुग्णालयाची पायरी चढतो, हे त्यातून दिसले.

घराघराने काय करावे?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात ठरली आहे. तपासणी झाली की पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

– गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करूनच खात्री करावी. सहा महिन्यांखालच्या बाळात ही चाचणी फसवू शकते.

– वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला एरवी औषध लागत नाही. तो शेती, नोकरी, संसार सगळे करू शकतो.

– दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर बाळाला सिकलसेलचा आजार होत नाही. म्हणून पत्रिकेआधी रक्ताचा अहवाल जुळवावा, आणि तो मुलाचाही मागावा. केवळ मुलीचा अहवाल पाहून स्थळ मोडणे हे शास्त्र नाही, अन्याय आहे.

– रुग्णाने भरपूर पाणी प्यावे. वर्ध्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्या दिवसांत भर उन्हातली कामे टाळावीत. थंडीत ऊबदार राहावे. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू वा बंद करू नये. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. मुलांचे लसीकरण चुकवू नये.

– १०१ अंशांपुढे ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक पांढुरके पडणे, पोटाच्या डाव्या बाजूला सूज किंवा अंगाच्या एका बाजूची ताकद जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्राम किंवा सावंगीचे रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे.

सहाव्या जागेवरचे व्हॅलिन आज ना उद्या स्वस्तात दुरुस्त होईलही. पण आज ज्या मुलाला दुखते आहे, त्याच्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी जिल्ह्यात आधीच आहेत. खात्रीची चाचणी, रोजची कॅप्सूल आणि वेळेवर मिळालेली गाडी त्याच्या घरापर्यंत पोहोचणे एवढेच बाकी आहे.